टॉम, जेरी आणि आपलं ‘धपकन’



सीमाभागातल्या मराठीवर बोलायला बोलावलं आणि मॅडम मांजर-उंदराचं कार्टून घेऊन आल्या, असं इथं काहींना वाटेल. ‘टॉम अँड जेरी’बद्दल बोलता बोलता मी मराठीबद्दलच बोलणार आहे.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी ही जोडी 1940 साली पडद्यावर आणली. पहिल्या लघुपटात मांजराचं नाव जॅस्पर होतं, टॉम ते नंतर झालं. 1958 पर्यंत या दोघांनी एमजीएमसाठी असे 114 लघुपट केले आणि 7 ऑस्कर मिळाले. पात्रं क्वचितच बोलतात. पाऊल, उडी, आपटणं या सगळ्याला स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत साथ देतं. टॉमची किंकाळी मात्र खुद्द हॅनांच्या गळ्यातली.

हे वैर आपल्याला नवं नाही. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला पलित उंदीर आणि लोमश मांजराची गोष्ट सांगतात. मांजर पारध्याच्या जाळ्यात अडकलेलं, उंदरावर मुंगूस आणि घुबड टपलेलं. उंदीर मांजराच्या आश्रयाला जातो, जाळं कुरतडायचं कबूल करतो आणि मुद्दाम रेंगाळतो. पारधी अगदी जवळ आल्यावरच तो शेवटचा दोर तोडतो, म्हणजे मांजराला पळण्याखेरीज दुसरं काही सुचू नये. पुढे मांजर मैत्रीच्या गोष्टी करतं, तेव्हा उंदीर साफ नकार देतो. 1948 च्या ‘द ट्रूस हर्ट्स’मध्ये टॉम, जेरी आणि कुत्रा असाच तह करतात, चक्क सह्या करून, आणि मांसाच्या एका तुकड्यावरून तो मोडतो. फरक एवढाच, की भीष्मांचा उंदीर युक्तिवाद करतो, नीती सांगतो. जेरी काहीच सांगत नाही. शब्द पाहणाऱ्यानं आणायचे.

आमच्या जिल्ह्यातली मुलं ते कुठून आणतात?

1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला, आता तेलंगणात आहे. पैनगंगेच्या या काठावर मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. शिक्षक मला नेहमी सांगतात, मुलांकडे मराठी शब्दच नाहीत. ‘माझी शाळा’ या निबंधात चार ओळींनंतर पेन थांबतं, हे खरं आहे.

म्हणून मी आवाज बंद करून एक लघुपट दाखवते आणि मुलांना सांगायला लावते. (त्या काळच्या अमेरिकेनं कृष्णवर्णीयांची केलेली टिंगल काही लघुपटांत आहे. ते मी घेत नाही.) मग पेन थांबत नाही. मांजर दबकत येतं, दबा धरतं, झेपावतं. उंदीर सटकतो, सुळकन बिळात. तवा ठणकन बसतो, मांजर भेलकांडतं, कोलमडतं, धपकन पडतं. ज्या मुलाकडे शब्दच नाहीत, त्यानं हे सांगितलेलं असतं.

या शब्दांत व्याकरणही आहे. ‘पटकन’ म्हणजे एकदाच. ‘पटपट’ म्हणजे पुन्हा पुन्हा. मधला स्वर लांबवून ‘पटापट’ म्हटलं की वेग आणि संख्या दोन्ही वाढतात. तसंच धपकन, धपधप, धपाधप. हा नियम मुलांना कोणी शिकवलेला नसतो आणि ती तो चुकवत नाहीत. जिन्यावरून एक डबा पडला की ‘धाडकन’, दहा पडले की ‘धडाधड’.

घरी तेलुगू बोलणारं मूल इथं मुळीच मागे राहत नाही, कारण त्याच्याकडे ‘गबगबा’, ‘टकटका’ आहेत. अमेरिकी भाषावैज्ञानिक मरे एमेनो यांनी 1969 साली दाखवलं, की ध्वनीचं अनुकरण करणारे असे शब्द भारतात आर्य आणि द्राविड दोन्ही कुळांतल्या भाषांची सामाईक मिळकत आहे. याच एमेनोंनी 1955 साली कोलामीवर पुस्तक प्रसिद्ध केलं होतं. ज्यांच्या भाषेचा त्यांनी असा अभ्यास केला, त्या कोलामांची लेकरं आज आपल्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेली असतात.

आणि आपण काय करतो? ‘सुळकन’वर लाल रेघ मारतो, वर ‘वेगाने’ लिहितो. ‘वेगाने’ बैलगाडीही जाते, आगगाडीही जाते. सुळकन फक्त उंदीर जातो, साप जातो, हातातला मासा जातो. मराठी ज्यांच्या घरात अर्धीच उरली आहे, त्यांच्याकडे नेमका हा अर्धा भाग शाबूत आहे, आणि तोच आपण उत्तरपत्रिकेतून काढून टाकतो.

जमलेल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सात-आठ मिनिटांचा एक लघुपट निवडा, आवाज बंद ठेवा, मुलांना लिहू द्या, आणि त्या कागदांवर लाल पेन लावू नका. तेलुगू, गोंडी, कोलामी शब्द आले तर येऊ द्या, फक्त शेजारी लिहून ठेवा कोणत्या घरातून आले ते. पुढच्या वेळी आपण भेटू तेव्हा ते कागद घेऊन या.