वंदे मातरम् चळवळ, मुलांच्या कॅमेऱ्यातून

१९३८ साली निजामी राजवटीतल्या औरंगाबादेत, इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायला बंदी झाली. मुलांनी संप पुकारला. लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचलं. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच.

पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. पण नववीच्या चार-पाच मुलांना मोबाइलवर पाच मिनिटांची चित्रफीत करायला सांगा. प्रश्न आपोआप पडतात: शिक्षण अर्ध्यावर तुटल्यावर घरी काय सांगितलं असेल? नागपूरचा खर्च कुणी केला? ते विद्यार्थी आज भेटणं कठीण; मग त्यांच्या नातवंडांना गाठायचं, ट्रंकेतलं जुनं प्रमाणपत्र उजेडात धरायचं, त्यावरची तारीख जवळून टिपायची. घरातली आठवण आणि कागद जुळत नसतील, तर दोन्ही दाखवायचं. इतिहास खरा तिथंच शिकला जातो. आणि हो, मुलाखतीच्या वेळी पंखा बंद ठेवा, नाहीतर घरघरीत शब्द हरवतात.

शिक्षकहो, येत्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, भाषणांच्या जोडीला अशी एक तरी चित्रफीत शाळेत दाखवा.