तळं कुणाच्या पैशाचं?

(हिवरखेड येथे केलेलं भाषण)



२०१७ च्या खरिपात शेंदरी बोंडअळीनं विदर्भाची पऱ्हाटी आतून पोखरली. बीटीचं बियाणं विकत घेऊन पेरलं, अळीनं तेच खाऊन पचवलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसवर माणसं मेली. दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणारे मजूर त्यांत होते.

अळी बीटीला का जुमानत नाही, हे तपासलं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं. काम चोख. संस्था सरकारी, पगार सरकारी. तुमच्या काडीपेटीवरचा करसुद्धा त्यात आहे. आणि २०१८ साली शोधनिबंध छापला कुठं? परदेशी प्रकाशकाच्या, पैसे मोजून वाचायच्या मासिकात. इंग्रजीत!

कुणी म्हणेल, मराठीत सल्ले देतात की. देतात. कामगंध सापळे लावा, फरदड घेऊ नका. सल्ला खोटा नाही. पण तो प्रसादासारखा मिळतो: हात पुढं कर, घे, कायले म्हणून विचारू नको. गोदीत आम्ही पेटी उतरवतो, आत काय आहे तो कागद साहेबाच्या हातात. तसंच हे.

१९२३ साली सी. के. बोल्यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले. बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले २० मार्च १९२७ ला. मधली वर्षं तळं कागदावर खुलं होतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं संशोधन सगळ्यांना खुलं करायचं धोरण आणलं २०१३ साली. नागपूरची संस्था तिच्याच हाताखालची. तरी पाच वर्षांनी निबंध मासिकाच्या कुलपात!

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं 'एक राष्ट्र, एक वर्गणी' मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशक, जवळपास १३,००० मासिकं. सरकारी विद्यापीठांतल्या पोरांना वाचायला मिळतंय, बरं झालं, त्यांत आपलीही पोरं आहेत. पण आपल्याच पगारी माणसानं लिहिलेलं आपणच परत विकत घ्यायचं, आणि निंदणाऱ्या बाईला फाटक बंदच ठेवायचं, हा कुठला हिशेब?

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला जाल, तेव्हा नुसतं वाण बघून परतू नका. विचारा: या प्लॉटच्या नोंदी कुठं आहेत? मराठीत कधी देता? उत्तर लिहून मागा. नाही दिलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अर्ज कसा लिहायचा ते आत्ता इथंच बसून शिकू, कोरे कागद आणलेत मी.