गांवचें धरण आणि गांवचे डोळे



‘थेंबें थेंबें तळें साचे’ ही म्हण मीं चवथीच्या वर्गांत वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिली आणि मुलांकडून तिच्यावर निबंध लिहवून घेतले. थेंबाथेंबानेंच तळें फुटतेंहि, ही तिची दुसरी बाजू मात्र मला स्वतःला उशिरां कळली. ती कशी कळली, तें आज सांगावयाचें आहे.

वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय भागांत समुद्रपूर तालुका आहे. नांवांत समुद्र, परंतु जमिनीवर पाहावें तर काळी माती, कपाशी, तूर, सोयाबीन आणि मधून मधून गिरडच्या टेकडीसारखे उंचवटे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता जाम येथें या तालुक्यांतूनच जातो. मोटारींतून जाणाऱ्यास हिरवीं शेतें दिसतात. त्यांच्यामागचें पाणी दिसत नाहीं. वर्षाकांठीं येथें सरासरीनें सुमारें १००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने, ज्यानें पाणी अडविलें त्याचे. म्हणून लाल नाल्यावर आणि पोथरा नदीवर मातीचीं धरणें झालीं. आणि त्यांहून कितीतरी लहान असे तलाव व बांध या मुलखांत ठिकठिकाणीं आहेत. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रभर जीं सरकारी कामें निघालीं, त्यांत असे पाझर तलाव पुष्कळ झाले. मोठ्या धरणांची विचारपूस करणारे पुष्कळ असतात. मी बोलणार आहे तें या धाकट्या भावंडांविषयीं.

नुसता मातीचा ढीग म्हणजे धरण नव्हे. त्याचा मधला गाभा काळ्या चिकण मातीचा असतो. ती माती पाणी सहसा जाऊं देत नाहीं. परंतु हीच माती वैशाखांत भेगाळते आणि आषाढांत फुगते, म्हणून तिच्या दोन्ही अंगांस मुरमाचें कवच घालतात. गाभ्याखालीं जमिनींत चर खणून तोहि चिकण मातीनें भरावयाचा, म्हणजे पाणी तळांतून सुटत नाहीं. हें सर्व काम थरावर थर देऊन, ओलावा राखून आणि प्रत्येक थर रोलरनें दाबून करावें लागतें. पाण्याच्या बाजूस लाटांचा मारा सोसावयास दगडांचें अस्तर, मागच्या पायथ्याशीं दगड-वाळूचा निचरा, आणि जास्तीचें पाणी सुखरूप जावें म्हणून एका बाजूस सांडवा. इतकें करूनहि मातीचें धरण थोडें पाझरतेंच. तें पाझरणें स्वच्छ आहे कीं गढूळ, हें पाहावयाचें असतें.

या लहानशा बांधाचे उपकार मोजूं लागलों तर दिवस पुरणार नाहीं. खालच्या शिवारांतील विहिरींना पाणी टिकतें. हरभरा-गव्हाला एखाददुसरी पाळी मिळते. गुरांना उन्हाळ्यांत चार कोस हिंडावें लागत नाहीं. मासेमारीवर कांहीं कुटुंबें पोसतात. तळाचा गाळ हें तर शेताचें खतच. २०१७ पासून राज्य सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नांवानें तो शेतांत नेण्याची योजनाहि काढली. एक सावधगिरी मात्र हवी. भरावाच्या लगत खणूं नये; तेथील गाळाचा थर पाण्याला खालीं झिरपूं देत नाहीं, आणि तोच उपसला तर आपण आपल्या हातानें पाण्याला वाट करून देतों.

आतां माझी गोष्ट. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मी एका खेड्यांत शिक्षक होतों. गांवच्या वरच्या अंगास असाच एक तलाव होता. माघ महिन्यांत सगळीकडचें गवत वाळलें असतां त्या बांधाच्या मागच्या पायथ्याशीं घोंगडीएवढा एक तुकडा हिरवागार राहात असे. मला त्याचें मोठें कौतुक. मुलांना तेथें बसवून मीं ‘निसर्गाचा चमत्कार’ या विषयावर निबंध सांगितला. ती हिरवळ बांधांतून येणाऱ्या पाण्याची खूण होती, हें माझ्या ध्यानांतहि आलें नाहीं. पुढें पावसाळ्याच्या तोंडीं, पाण्याची एक पाळी अधिक मिळावी म्हणून गांवानें सांडव्यावर मातीच्या गोण्या रचल्या. त्या मोजून घेण्याचें काम माझ्याकडे होतें.

त्या श्रावणांत चार दिवस झड लागली. पांचव्या दिवशीं बकऱ्या राखणारा माझा एक विद्यार्थी शाळेंत उशिरां आला. कारण विचारलें तर म्हणाला, “गुरुजी, तुमच्या हिरव्या जाग्यावर झरा फुटला जी. पाणी चहावानी येऊन राहिलं.” मला तें निमित्त वाटलें. मीं त्याला पडवींत उभें केलें आणि पाढे घेऊं लागलों. पण ‘चहावानी’ हा शब्द मनांतून जाईना. अर्ध्या तासानें मी त्याच्याबरोबर बांधाकडे निघालों.

बोटाएवढी धार होती, आणि तिच्या तोंडाभोंवतीं मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक मातीची कड जमली होती. लोक जमले आणि चिकण माती आणून भोंक बुजवूं लागले. सुदैवानें जवळच्या एका कामावरचा तरुण अभियंता निरोप मिळतांच आला. त्यानें लोकांचे हात थांबविले. “हें बुजवाल तर पाणी दुसरीकडून फोडून येईल,” तो म्हणाला. “पाण्याला जाऊं द्या, मातीला धरा.” त्यानें धारेवर आधीं वाळू टाकविली, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड. विमोचकाचा दरवाजा पूर्ण उघडविला. सांडव्यावरच्या गोण्या एकेक करून काढविल्या. शाळा व देऊळ उंचावर होतें. खालच्या वस्तींतील माणसें आणि गुरें तेथें हलविलीं. सायंकाळीं धार वाहतच होती, पण पाणी निवळलें होतें. त्या रात्रीं कोणी झोपलें नाहीं. बांध टिकला. दुसऱ्या दिवशीं मीं साऱ्या वर्गादेखत त्या मुलाची क्षमा मागितली.

मागाहून मीं या विषयाचें थोडें वाचन केलें. पाणी बाहेर पडतांना मातीचा एकेक कण बरोबर नेऊं लागलें, कीं बांधांत बिळासारखी पोकळी पडते, आणि ती बाहेरून आंत, तलावाच्या दिशेनें वाढत जाते. पाणी सोडणारी पण कण अडविणारी ती वाळू-खडीची उलटी गाळणी मृद्‌शास्त्राचे आद्य आचार्य कार्ल टेर्झागी यांनीं शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. वेळ किती थोडा असतो, हें अमेरिकेंतील टीटन धरणानें दाखविलें. ५ जून १९७६ रोजीं सकाळीं तेथें गढूळ धार दिसली आणि दुपारीं बाराच्या सुमारास तें प्रचंड मातीचें धरण फुटलेंहि. पाणी माथ्यावरून गेलें तर मातीचा निभाव त्याहून कठीण. ११ ऑगस्ट १९७९ ला मोरवीजवळचें मच्छू धरण पुराचें पाणी सांडव्याला न आवरल्यामुळें मातीच्या भागावरून ओसंडलें आणि वाहून गेलें. आमच्या गोण्यांचा अर्थ मला तेव्हां कळला. पानशेतचा १२ जुलै १९६१ हा दिवस तर महाराष्ट्रांत सांगावयास नको. तेथें विमोचकाच्या मोरीचें काम अपुरें असतां पाणी चढलें, भराव खचला आणि पुणें बुडालें.

हीं मोठीं नांवें झालीं. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरण फुटलें तें लहानच होतें. त्याच्या खालची वाडी वाहून गेली आणि वीसाहून अधिक माणसें दगावलीं. गळतीची तक्रार ग्रामस्थांनीं आधींच केली होती, असें त्या वेळीं वृत्तपत्रांनीं छापलें. पुढें चर्चा मात्र खेकड्यांनीं धरण फोडलें कीं काय, यावर रंगली. २०२१ सालीं देशांत धरण सुरक्षिततेचा कायदा झाला, ही समाधानाची गोष्ट. परंतु तो मुख्यतः १५ मीटरांहून उंच धरणांसाठीं आहे. १० ते १५ मीटरांचीं धरणें कांहीं अटींनीं त्यांत येतात. पांच-सात मीटरांचा गांवतलाव त्या व्याख्येच्या बाहेर राहतो. त्याच्या खालीं झोपणाऱ्या माणसांचा जीव मात्र तितकाच मोलाचा असतो.

मग त्याला राखणार कोण? माझें उत्तर असें कीं, ज्याची पाळी तो मालक, आणि मालकानें पाहावें. पावसाळ्यापूर्वीं एकदां आणि नंतर एकदां चार माणसांनीं बांधावरून व पायथ्यावरून चालत जावें. माथा कोठें खचला आहे काय, अस्तराचे दगड सरकले काय, उंदीर-साळिंदरांचीं बिळें पडलीं काय, हें पाहावें. बाभळी-कडुनिंबाचीं रोपें लहान असतांनाच उपटावीं. झाड मोठें होऊन वठलें, कीं त्याचीं कुजलेलीं मुळेंच पाण्याची नळी बनतात. सांडव्यांत कोणीहि, कितीहि चांगल्या हेतूनें, अडथळा घालूं नये. झड लागली म्हणजे दोघांनीं पाळीपाळीनें पायथा पाहावा. आणि पाणी गढूळ दिसलें तर आधीं खालच्या वस्तीला उठवावें, मग तालुक्याला कळवावें.

शहरांतील श्रोत्यांना वाटेल, हें आम्हांस कशाला? आपणांपैकीं अनेकांचीं शेतें, घरें, भाऊबंद अशाच एखाद्या बांधाखालीं आहेत. दिवाळीला गांवीं जाल तेव्हां एकदां त्या बांधापर्यंत चालत जा, आणि बरोबर मुलांना न्या. तेथें बकऱ्या राखणारें एखादें पोर भेटेल. त्याला विचारा, पाणी कसें येतें; आणि तो सांगेल तें खरें मानून स्वतः पाहावयास जा. मला अर्धा तास उशीर झाला होता, आणि तेवढा उशीर त्या दिवशीं खपून गेला.