बघायला जाऊ या



आम्ही हेंद्रेपाड्याच्या बायका. बदलापूर पश्चिमेला आमची वस्ती. आमच्या बचत गटात आम्ही पंधरा जणी आहोत. कुणी घरकामाला जाते, कुणी डबे करून देते, कुणी भाजी विकते, दोघी-तिघी शिवणकाम करतात. आज आम्ही कर्ज, व्याज, पापड-मसाले यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय फिरायला जाण्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? पण जरा आठवून बघा. गेल्या वर्षभरात तुम्ही गावाबाहेर कशाकशासाठी गेलात? लग्न, बारसं, साखरपुडा. कुणाची मयत, कुणाचं दहावं. दवाखाना. बँक. देवाचा नवस. माहेरी गेलात, तर तेही आईला बरं नव्हतं म्हणून. यातलं एकही जाणं नुसतं बघायला, नुसतं बसायला नव्हतं. आमच्या बैठकीत आम्ही हा हिशेब मांडला, तेव्हा पंधरापैकी एकीलाही असा दिवस सांगता आला नाही. आमच्यातल्या एक मावशी साठी ओलांडलेल्या आहेत. चाळीस वर्षं त्या बदलापुरात आहेत, रोज लोकलचा आवाज ऐकतात. त्या म्हणाल्या, "मुंबई मी जे. जे.त पाहिली. नवऱ्याच्या खाटेजवळ बसून."

त्या बैठकीत आम्ही ठरवलं, वर्षातून दोनदा फिरायला जायचं. एकदा जवळ, एकदा लांब. ते कसं जमवलं आणि काय काय पाहिलं, ते सांगतो. तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी पैसे. कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. प्रत्येकीने महिन्याला १५ रुपये वेगळे द्यायचे. वर्षाचे होतात १८० रुपये. ते वेगळ्या वहीत लिहायचे. एखादीला एखाद्या महिन्यात जमलं नाही तर पुढच्या महिन्यात द्यायचे, पण पैसे कमी पडले म्हणून कुणाला मागे ठेवायचं नाही. बदलापूरहून मुंबईला लोकलने जाऊन यायला दुसऱ्या वर्गाचे पन्नास रुपयेही लागत नाहीत. भाकरी-चटणी घरची. म्हणजे मोठा खर्च नाहीच. अडचण असते ती घरातून निघण्याची.

घरी विचारलं तेव्हा काय झालं? "काय काम आहे तिकडे?" हाच प्रश्न बहुतेकींना आला. काम नाही, बघायला जातोय, हे वाक्य तोंडातून निघता निघेना. कुणी सांगितलं गटाची मीटिंग आहे, कुणी सांगितलं देवळात जातोय. मग आम्ही ठरवलं की खोटं कारण सांगायचं नाही. एका वहिनींच्या सासूबाई फार कडक. त्यांना आम्ही चौघी जाऊन म्हणालो, "आई, आम्ही फिरायला चाललोय, तुम्हीही चला." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नव्हतं." त्या दोन्ही सहलींना आल्या. घरातल्या म्हाताऱ्या बाईला सोबत घ्या. तिचीही तीच गोष्ट असते.

आता पहिली सहल, जवळची. अंबरनाथचं शिवमंदिर. आमच्यापासून पुढचंच स्टेशन. अंबरनाथ पूर्वेला उतरून रिक्षाने थोडंसं जायचं, पायाला त्रास नसेल तर चालतही जाता येतं. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते, तेव्हा आमच्यातल्या पुष्कळ जणी रांगेत उभ्या राहून दर्शन घेऊन आल्या होत्या. पण रांगेत देऊळ दिसत नाही, पुढचीचा अंबाडा दिसतो. म्हणून आम्ही साध्या दिवशी गेलो आणि आधी बाहेरून सावकाश एक फेरी मारली.

हे देऊळ साडेनऊशे वर्षांहून जुनं आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे. तेव्हा कोकणच्या या भागावर शिलाहार राजांचं राज्य होतं. छित्तराज राजाने काम सुरू केलं आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात ते पुरं झालं, असं मानतात. सगळं काम काळ्या दगडात. बाहेरच्या भिंतींवर हात ठेवायला मोकळी जागा नाही इतकं कोरीव काम. खाली हत्तींच्या रांगा, वर देव-देवी, नाचणाऱ्या बाया. आमच्यातली शिवणकाम करणारी एक ताई एका मूर्तीपुढे कितीतरी वेळ उभी होती. तिचं म्हणणं, "कमरेची मेखला बघा, एकेक मणी वेगळा काढलाय. हे करणाऱ्याला घाई नव्हती."

आत मंडपातून गाभाऱ्यात जायला खाली उतरावं लागतं, वीसेक पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी कुणाचा तरी हात धरावा. गाभाऱ्यावरचं शिखर पुरं नाही, त्यामुळे वरून उजेड थेट पिंडीवर येतो. हे देऊळ पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे, म्हणून भिंतींना हळदकुंकू लावू नका, तेल ओतू नका. दगड झिजतो.

देवळाच्या बाजूने वालधुनी नदी वाहते. ती पाहून मात्र वाईट वाटलं. कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी घेऊन ती काळी झालीय. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी नदी पाहूनच जागा निवडली असणार. तिच्या काठावर आज नाकाला पदर लावून उभं राहावं लागतं. सहलीत असंही काही दिसतं. आणि एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या वेळी नदीचा विषय निघाला तर आपल्याला बोलता येतं.

दुसरी सहल लांबची, भायखळ्याची राणीची बाग. बदलापूरहून सीएसएमटीकडे जाणारी फास्ट लोकल भायखळ्याला थांबते. सकाळच्या गर्दीत अजिबात चढू नका, नोकरदार बायकांचेच तिथे हाल असतात. दहानंतरची गाडी घ्या. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, म्हणून रविवार टाळा. बुधवारी बाग बंद असते, म्हणून बुधवारही टाळा. आम्ही गुरुवार धरला. भायखळा पूर्वेला उतरून दहा मिनिटं चाललं की बाग येते. तिकीट आम्ही गेलो तेव्हा मोठ्या माणसाला ५० रुपये होतं, लहान मुलांना कमी. जाण्याआधी एकदा विचारून घ्या, दर बदलतात.

ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. इंग्लंडच्या राणीच्या नावाने तिला व्हिक्टोरिया गार्डन म्हणत, त्यावरून राणीची बाग. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. तो काळ मुंबईत कापडगिरण्या सुरू होण्याचा. इंग्लंडमध्ये तर त्याआधीच गिरण्या-कारखान्यांची शहरं वाढली होती. तिथे लोकांच्या लक्षात आलं की कामगार दाटीवाटीच्या चाळीत राहतो, धुरात राबतो, त्याला श्वास घ्यायला जागा हवी. म्हणून बर्कनहेड नावाच्या गावात १८४७ साली सार्वजनिक पैशातून मोठी बाग खुली झाली. कुणीही यावं, बसावं, पैसे द्यायला नकोत. लंडनचं ब्रिटिश म्युझियम तर १७५९ पासून लोकांना फुकट बघता येतं. म्हणजे युरोपातल्या ज्या शहरांच्या बागा आणि संग्रहालयं बघायला जगभरातून लोक जातात, त्या जागा तिथल्या साध्या माणसाच्याही हक्काच्या आहेत. बाग ही श्रीमंतांची चैन आहे, हे आपण डोक्यातून काढून टाकलं पाहिजे.

राणीच्या बागेत पोरंबाळं धावतात ती पेंग्विन बघायला. २०१६ साली आठ पेंग्विन दक्षिण कोरियातून इथे आणले. त्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेचा पेरू आणि चिली या देशांचा समुद्रकिनारा. काचेच्या मागे थंडगार खोलीत ते असतात. जमिनीवर डुलत चालतात आणि पाण्यात शिरले की बाणासारखे सुटतात. आमच्या मावशी म्हणाल्या, "हे तर काळा कोट घातलेले वकील!" काचेजवळची सगळी गर्दी हसली.

पण आम्हाला जास्त आवडली ती झाडं. शंभर-दीडशे वर्षांची झाडं आहेत तिथे. गोरखचिंचेचं खोड इतकं जाड की आम्ही हात धरून कडं करायला लागलो. कैलासपतीच्या बुंध्यावरच लगडलेली फुलं पाहिली. आपण रानातल्या, शेताच्या बायका, झाड ओळखायचा आपल्याला सराव असतो. म्हणून पाटीवरचं नाव न वाचता ओळखायची शर्यत लावली. ज्यांना वाचता येत नाही त्याच जिंकल्या.

ही झाडं आज उभी आहेत, त्यात बायकांचा वाटा आहे. २००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करण्याचा शेकडो कोटींचा आराखडा पुढे आला होता. त्यात झाडांवर आणि जुन्या बागेवर गदा येईल, हे मुंबईतल्या काही बायकांनी ओळखलं. त्या बागेत नेहमी येणाऱ्या होत्या. त्यांनी झाडं मोजली, नावं लिहून काढली, अर्ज केले, लोकांना गोळा केलं, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तो आराखडा तसाच्या तसा अमलात आला नाही. विचार करा, त्या बागेत आल्याच नसत्या तर बागेसाठी भांडल्या असत्या का?

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. इमारत १८७२ सालची. आत मुंबईतल्या जुन्या माणसांचे, धंद्यांचे, पोशाखांचे छोटे छोटे मातीचे पुतळे, भांडी, नकाशे आहेत. कुठली पगडी कुणाची, कोण काय विकायचं, हे बघत फिरता येतं. त्याचं वेगळं तिकीट असतं. कधीकधी दुरुस्तीसाठी बंद असतं, तेव्हा चौकशी करून जा. बाहेर एक मोठा दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. तो घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा बेत होता, पण उचलताना पडून त्याचे तुकडे झाले. पुढे ते सांधून तो इथे उभा केला.

आणि भाऊ दाजी कोण? ते मुंबईतले नामांकित डॉक्टर. गरिबांना औषध द्यायचे, मुलींच्या शाळांसाठी झटले. जुने शिलालेख वाचायचाही त्यांना नाद होता. आमच्या अंबरनाथच्या देवळाचा शिलालेख वाचणाऱ्या पहिल्या लोकांत तेच होते. त्यांनी साल शके ७८२ असं वाचलं होतं, पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचं दाखवून दिलं. आमच्या दोन सहलींची अशी गाठ पडली, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. अंबरनाथ काय नि भायखळा काय, सगळं आपल्याच घराच्या अंगणात असल्यासारखं वाटलं.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिली म्हणजे लघवीची सोय. बायका सहलीला गेल्या की सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. एका ठिकाणी आम्हाला बायकांच्या मुतारीला कुलूप दिसलं. चावी मागितली तर माणूस जेवायला गेला होता. आम्ही पंधरा जणी तिथेच थांबलो, तो येईपर्यंत हललो नाही. एकटी असती तर निघून गेली असती. पाणी प्या, आणि सोय मागून घ्या.

दुसरी गोष्ट, दोघी-दोघींच्या जोड्या करा. जिला पाटी वाचता येते ती एक आणि जिला येत नाही ती एक. परत येताना तिकीट काढायचं काम आधी कधी न काढलेलीला द्या. आमच्यातल्या तिघींनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा खिडकीवर पैसे देऊन तिकीट घेतलं.

तिसरी गोष्ट, पावसाळ्यात धबधब्याच्या मोहात पडू नका. आमच्याकडे कोंडेश्वर आहे, बारवी धरणाचा परिसर आहे. हिरवंगार असतं सगळं, पण पाणी अचानक वाढतं. तिथे माणसं बुडाली आहेत, म्हणून प्रशासन बंदी घालतं. बंदी असेल तर जाऊ नका. नसेल तरी पाण्यात उतरू नका.

परत आल्यावर घरी विचारलं, "काय मिळालं तिकडे जाऊन?" आता तिकीट काढायला आलं, रस्ता कळला, उद्या दवाखान्यात एकटीला जाता येईल, असे फायदे सांगता आले असते, आणि ते खरेही आहेत. पण मावशींनी त्यांच्या मुलाला सांगितलं, "बरं वाटलं." तेवढंच. आम्हाला ते उत्तर पटलं. दर वेळी उपयोग दाखवूनच घराबाहेर पडायचं असं नाही. पुरुष नाक्यावर जाऊन बसतात, तेव्हा त्यांना कुणी उपयोग विचारत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या तालुक्यातही एखादं जुनं देऊळ असेल, किल्ला असेल, लेणी असतील, नगरपालिकेची बाग असेल. पुढच्या बैठकीत एवढंच करा. वहीच्या मागच्या पानावर तीन जागांची नावं लिहा, त्यातली सगळ्यांत जवळची निवडा आणि तारीख ठरवा. तारीख ठरली की बाकीचं जमतं. आमचं यंदा घारापुरीला जायचं ठरलंय, तो हत्ती जिथून आला ते बघायला. तिथल्या लेण्या सोमवारी बंद असतात, एवढं आत्ताच वहीत लिहून ठेवलंय.