मागामागचा माणूस : शिक्षण, प्रशिक्षण आणि कामाची जागा



व्यापारी समाजातील दोन गृहस्थ एकत्र आले, की तिसऱ्या वाक्याला एक तक्रार ठरलेली असते : हल्ली चांगली माणसे मिळत नाहीत. पेढीवरचा गुमास्ता असो, दुकानातील विक्रेता असो वा कारखान्यातील कारागीर असो, त्याचे काम उणे पडले की त्याच्या आळसाला, स्वभावाला किंवा अपुऱ्या शिक्षणाला दोष देऊन विषय मिटविला जातो. माणूस तोच ठेवून त्याच्याभोवतीची व्यवस्था बदलली तर काय घडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारून पाहणारे काही महत्त्वाचे प्रयोग कापडाच्याच धंद्यात झाले आहेत. येथील श्रोत्यांना ते समजण्यास दुभाष्याची गरज पडू नये.

पहिला प्रयोग अहमदाबादचा. साराभाई घराण्याच्या कॅलिको मिल्सने आपल्या ज्युबिली मिलमध्ये स्वयंचलित माग बसविले. यंत्रे नवी, कामगार निवडक, कोणी किती माग सांभाळायचे याचे गणित अभियंत्यांनी घड्याळ लावून केलेले. तरीही उत्पादन अपेक्षेइतके वाढेना आणि सदोष कापडाचे प्रमाण मात्र वाढले. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी या खात्याचा अभ्यास केला. दोनशेहून अधिक मागांच्या त्या खात्यात कामाची बारा प्रकारांत वाटणी केलेली त्यांना आढळली. माग चालविणारा विणकर वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, ताण्याचे तुटलेले धागे सांधणारा वेगळा, नवा बीम चढविणारा वेगळा. शिवाय जॉबर, त्याचा साहाय्यक, बॉबिन वाहणारा, कापड वाहणारा, तेल घालणारा, झाडणारा, आणि दोन प्रकारचे फिटर. आठ विणकरांमागे कांड्या भरणारे पाच आणि धागे सांधणारे तीन, असा हिशेब होता. म्हणजे एका विणकराच्या वाट्याला कांडीवाल्याचा पाच-अष्टमांश भाग आणि सांधणाऱ्याचा तीन-अष्टमांश भाग येत होता! कागदावर हे गणित निर्दोष होते. परंतु माग बंद पडला की विणकराने नेमकी कोणाला हाक मारायची आणि त्या हाकेला 'ओ' देणे ही कोणाची जबाबदारी, याचे उत्तर त्या कागदावर नव्हते.

राइस यांनी सुचविलेला बदल साधा होता. ठरावीक मागांचा एक समूह आणि त्या समूहाची संपूर्ण जबाबदारी घेणारा छोटा गट. चौसष्ट मागांमागे सात जण. गटातील माणसांनी एकमेकांची कामे शिकावीत आणि अडल्या वेळी हात द्यावा. ही कल्पना चर्चेत येताच कामगारांनी ती आपलीशी केली आणि कोण कोणाबरोबर काम करणार हे आपसांत ठरवून गट तयार केले. घडी बसण्यास काही काळ लागला. त्यानंतर मागांची कार्यक्षमता वाढली आणि खराब कापड घटले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की माग तेच होते, सूत तेच होते आणि माणसेही तीच होती. पूर्वी ज्याला आळशी ठरविले असते, तोच माणूस आता शेजाऱ्याचा तुटलेला धागा सांधण्यास आपण होऊन धावत होता.

कामाची वाटणी हा झाला व्यवस्थेचा एक भाग. ज्या हवेत व ज्या स्थितीत माणूस काम करतो, तो दुसरा. विणकामात सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून साळ्यांच्या कोंदट घरापासून गिरणीच्या खात्यापर्यंत हवा दमट राखण्याची प्रथा आहे. सुतासाठी जी हवा हितकर, ती माणसासाठी नव्हे. वैशाखातल्या दुपारी अशा खात्यात पाऊल टाकणाऱ्यास ते सांगावे लागत नाही. उष्णतेने कामावर नेमका किती परिणाम होतो, याचा एक विस्तृत अभ्यास ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुरतेच्या विणकाम कारखान्यांतील दैनंदिन उत्पादनाच्या नोंदीही तपासल्या होत्या. देशभरातील कारखान्यांचा विचार करता, तापमान एक अंश सेल्सिअसने वाढल्यास वार्षिक उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कपडे शिवणाऱ्या ज्या कारखान्यांत हवा थंड राखण्याची सोय होती, तेथे ही घट दिसली नाही. मात्र उन्हाळ्यातील गैरहजेरी तेथेही कमी झाली नाही. कामगार रात्री ज्या पत्र्याखाली झोपतो, तेथे कारखान्याची थंड हवा पोहोचत नाही.

कारखान्याची गोष्ट दूरची वाटत असेल, तर दुकानाकडे पाहावे. एके काळी महाराष्ट्रातील कापड दुकानांत गादी असे. पांढऱ्या चादरीवर ग्राहक बसे, समोर विक्रेता बसे, तागे उलगडले जात. पुढे काचेचे काउंटर आले, ग्राहकाला खुर्ची मिळाली आणि विक्रेता उभा राहिला. दहा-दहा तास उभे राहण्याची ही सक्ती केव्हा आणि कोणी ठरविली, हे सांगता येणार नाही. ती नकळत रूढ झाली. केरळमध्ये कोझिकोड येथील दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी चळवळ उभारली. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. एक स्टूल देण्यासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागावा, ही बाब व्यापारी वर्गास भूषणावह नाही. ज्याचे पाय दुखत आहेत, तो विक्रेता वरच्या फळीवरील तागा काढण्याऐवजी 'तो रंग शिल्लक नाही' असे सांगतो, हे अनुभवी दुकानदार जाणतात.

आता शिक्षणाविषयी. मुलांना पदव्या मिळवून देण्यात समाजाने कसूर केलेली नाही. परंतु पदवीने कार्यक्षमता आपोआप वाढते, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूर आणि लगतच्या गुजरातेतील उंबरगाव येथे २००८ पासून निकोलस ब्लूम आणि सहकारी अर्थतज्ज्ञांनी सूती कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास केला. सर्व कंपन्या कौटुंबिक मालकीच्या होत्या. निवडक कारखान्यांत व्यवस्थापन सल्लागारांनी काही महिने बसून साध्या गोष्टी लावून दिल्या. माग का थांबला याची रोज नोंद करणे, कापडातील दोष प्रकारवार लिहिणे, सुताच्या साठ्याला चिठ्ठ्या लावणे, जमिनीवरचा कचरा व अडगळ हटविणे, चांगले काम करणाऱ्यास बक्षीस देणे. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

या कारखान्यांचे मालक अडाणी नव्हते. मालाचा दर्जा शेजाऱ्याइतका आहे, मग अधिक काय करायचे, अशी त्यांची धारणा होती. लिहिता-वाचता येणारी माणसे खात्यात होती. परंतु लिहिण्यासाठी वहीच नसेल, तर त्यांचे शिक्षण कोठे उपयोगी पडणार? सूत गोदामात होते. पण कोणते, किती आणि कोठे, हे एका माणसाच्या डोक्यात होते. तो रजेवर गेला की माल असूनही नसल्यासारखा.

याच अभ्यासातील एक निरीक्षण कौटुंबिक पेढ्यांनी विशेष मनावर घ्यावे असे आहे. कंपनी किती मोठी होणार, याचा संबंध मालकाच्या घरात किती पुरुष आहेत या गोष्टीशी निघाला. घराबाहेरच्या माणसावर अधिकार सोपविण्याची तयारी नसल्याने, जितके भाऊ आणि मुलगे तितकेच कारखाने. नोंदी येऊ लागल्यावर मात्र मालकांनी व्यवस्थापकांना अधिक अधिकार दिले, कारण कागदावरून लबाडी आणि चूक दोन्ही दिसू लागल्या. विश्वास हा सद्गुण आहे हे खरे, पण धंद्यात त्याला वहीचा आधार लागतो. आणि घरातील कन्या-सुनांना या मोजणीत धरलेच जात नव्हते, हेही येथे नोंदविले पाहिजे.

हे बदल टिकले का? अहमदाबादला १९७० मध्ये एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात गटपद्धती जवळजवळ जशीच्या तशी चालू होती, तर इतरत्र काळाच्या ओघात आणि बाजाराच्या दडपणाखाली ती मागे पडली होती. (पुढे कॅलिको मिलच बंद पडली, ती निराळ्या कारणांनी.) तारापूरच्या कारखान्यांची फेरपाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सुरू केलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या, तरीही हे कारखाने इतरांच्या पुढेच होते. सुटण्याची कारणे दोन : शिकलेला व्यवस्थापक सोडून गेला, किंवा मालकाला वेळ उरला नाही.

माणूस जाणारच, हे गृहीत धरून शिकविण्याची सोय सतत चालू ठेवावी लागते. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले आणि चार ते एकोणतीस कर्मचारी असलेल्यांना ते ऐच्छिक राहिले. चार माणसांची पेढी म्हणजे बाजारपेठेतील बहुतेक दुकाने. उमेदवार घेतल्यावर त्याला काय शिकवायचे, हे आधी लिहून काढावे लागते : ताग्याची मोजणी, सुताचा नंबर ओळखणे, दोष पारखणे, बिल व साठ्याची नोंद. ही यादी करू लागताच, त्यातील किती गोष्टी दुकानातील जुन्या माणसांनाही कोणी रीतसर शिकविलेल्या नाहीत, हे मालकाच्या ध्यानात येते.