ग्रामसभेत वाचता येईल असं विज्ञान

सन्माननीय उद्घाटक, परिषदेचे अध्यक्ष, राज्यभरातून आलेले भूजलतज्ज्ञ, सरपंच, शिक्षक आणि शेतकरी बंधू-भगिनींनो,

राजर्षी शाहू महाराजांच्या या करवीरनगरीत स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं राधानगरीचं धरण सगळ्यांना दिसतं, त्यामुळे त्यातल्या पाण्याची चर्चा एसटीतही होते. जमिनीखालचं पाणी मात्र कुणी समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही.

आमच्या जिल्ह्यात तर ते दोन तऱ्हांनी समजावावं लागतं. गगनबावड्याकडे पाऊस धो धो कोसळतो, तरी उन्हाळ्यात डोंगरातले झरे आटतात. शिरोळकडे जादा पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्या. एकाला पाणी मुरवायचंय, दुसऱ्याला निचरा करायचाय. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही एकच पाटी दोघांच्या बांधावर लावून कसं भागेल?

मी भूशास्त्राचा माणूस नाही. पण एका भूवैज्ञानिकांनी सांगितलेला हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसलाय. आपल्या काळ्या पाषाणाच्या वरच्या मुरमाड थरात पाण्याला जागा असते शंभरात दोन भागांच्या आसपास. म्हणजे २० मिलिमीटर पाणी मुरलं, की विहीर मीटरभर चढते आणि तेवढंच उपसलं, की मीटरभर उतरते. उसाला एका हंगामात दीड-दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं. श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर मार्चमध्ये तळ का दाखवते, हे शेतकऱ्याला एवढ्यात कळतं.

पाणाड्या तळहातावर नारळ धरून शेतभर फिरतो. त्याचं शास्त्र खोटं असेल. पण तो बांधावर येतो, मालकाशी त्याच्या भाषेत बोलतो आणि जाताना जागा दाखवून जातो. आपला अहवाल मात्र तालुक्याच्या कपाटात राहतो. मग शेतकरी कुणाचं ऐकणार?

उत्तर आपल्याच राज्यात आहे. हिवरे बाजारात पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि मगच पिकं ठरवतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या वेळी फीत गावातल्या पोरीच्या हातात द्या. रात्रभर पंप बंद ठेवून सकाळी कठड्यावरून सोडलेल्या फितीवर तिनं वाचलेला आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. त्या आकड्यावर गाव भांडेल, आणि भांडलं तर बिघडलं कुठं? भांडण म्हणजे आकडा पोचला.

जेवणाची काळजी नसावी. तांबडा-पांढरा आहे, शाकाहारी मंडळींसाठी आख्खा मसूर आहे. व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर हक्कानं सांगा.

तज्ज्ञांना एकच विनंती: निबंधाच्या शेवटी ग्रामसभेत जशीच्या तशी वाचता येतील अशी चार वाक्यं लिहा. आणि सरपंचहो, एखादा शब्द डोक्यावरून गेला, तर हात वर करून वक्त्याला थांबवा. स्वागताध्यक्ष म्हणून तेवढा अधिकार मी तुम्हाला देऊन टाकतो.