डोळ्यांनीं पाहिलें, पण ओळखलें काय?

(एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं ग्रामस्थांपुढें केलेलें भाषण)



आजची ही बैठक मीं बोलाविली तेव्हां कांहीं मंडळी मला म्हणालीं, "मास्तर, आतां दरोडेखोराची वकिली करणार काय?" तसें असतें तर मी तुमच्यापुढें तोंड दाखवलें नसतें. ज्यांच्या घरावर दरोडा पडला ते आबा येथें पुढेंच बसले आहेत. त्यांच्या डोक्यांत कुऱ्हाडीचा दांडा बसला, घरच्या माउलीच्या गळ्यांतलें डोरलें गेलें, कापूस विकून आलेला पैसा गेला. तें दुःख सगळ्या गांवाचें आहे. पण त्या दुःखाला न्याय मिळायचा तर खरा चोर तुरुंगांत गेला पाहिजे. कोणीतरी एक आंत गेला म्हणजे न्याय झाला, असें नव्हे.

ज्याला शिक्षा झाली तो मुलगा माझ्या हाताखालीं शिकलेला. गांवाबाहेरच्या पालांतून अनवाणी येई, शेवटच्या रांगेंत बसे. आज त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली आहे. दरोड्यांत प्राणघातक हत्यार वापरलें कीं सात वर्षांहून कमी शिक्षा देतां येत नाहीं. जुन्या दंडसंहितेंत हें ३९७ वें कलम होतें, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत ३११ वें आहे. या मुलाजवळ चोरीचा एक मणीही सांपडला नाहीं. पुरावा एकच, आबांनीं त्याला ओळखलें. तो निर्दोष आहे अशी शपथ मी घेत नाहीं. त्या रात्रीं मी तेथें नव्हतों. माझें म्हणणें एवढेंच कीं, ज्या एका खुंटीला सात वर्षें टांगलीं आहेत ती खुंटी भिंतींत घट्ट आहे कीं नाहीं, हें वरच्या कोर्टानें हलवून पाहावें. यालाच अपील म्हणतात.

आबा, तुम्ही खोटें बोललां असें माझ्या मनांतही नाहीं. पण खरें बोलणाऱ्या माणसाचीही ओळख चुकते. परवां मीं शाळेंत एक गंमत केली. एक अनोळखी पाहुणा वर्गांत आला, माझ्याशीं दोन शब्द बोलला, पाणी प्याला आणि गेला. दुसऱ्या दिवशीं मीं मुलांना विचारलें, पाहुण्याच्या डोक्यावर काय होतें? कोणी म्हणे फेटा, कोणी टोपी, कोणी रुमाल. मिशा होत्या म्हणणारे निम्मे, नव्हत्या म्हणणारे निम्मे. पाहुणा भर दुपारीं आला होता, आणि कोणाच्या उरावर कुऱ्हाड नव्हती. मग रात्रीं, झोंपेंतून उठून, डोळ्यांत विजेरीचा झोत आणि पुढें हत्यार, अशा वेळीं माणूस चेहरा पाहतो कीं हत्याराचें पातें पाहतो? तुम्हीच मनाशीं विचार करा.

ही चूक आपल्याच देशांत होते असें नाहीं. इंग्लंडांत बेक नांवाच्या एका गृहस्थाला, बायकांना फसवून दागिने नेल्याच्या आरोपावरून, १८९६ सालीं सात वर्षांची शिक्षा झाली. अनेक बायकांनीं कोर्टांत "हाच तो" म्हणून बोट दाखविलें. सुटून आल्यावर १९०४ सालीं पुन्हां तसाच आरोप आला, पुन्हां बायकांनीं त्यालाच ओळखलें. तो कोठडींत असतांनाच खरा ठग तीच लबाडी करतांना पकडला गेला! दोन खटले, इतक्या साक्षी, आणि सगळ्यांची ओळख चुकलेली. या प्रकरणाचा बभ्रा झाला, आणि १९०७ सालीं तेथें फौजदारी अपिलाचें निराळें कोर्ट कायद्यानें स्थापन झालें.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे या. २००३ सालच्या जून महिन्यांत नाशिक जिल्ह्यांत शेतांतल्या एका झोंपडीवर रात्रीं दरोडा पडला. पांच जीव गेले, बायकांची अब्रू गेली. पोलिसांनीं फिरस्त्या जमातींतले सहा गरीब मजूर धरले. जिल्ह्याच्या कोर्टानें २००६ सालीं सहाही जणांना फांशी सांगितली. २००७ सालीं हायकोर्टानें तिघांची फांशी कायम ठेवली व तिघांना जन्मठेप दिली. २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें पुन्हां सहाही जणांना फांशी ठरविली. येथें गोष्ट संपली असें कोणीही म्हणेल. पण पुढें फेरविचाराचा अर्ज नव्यानें ऐकला गेला, आणि ५ मार्च २०१९ रोजीं त्याच सुप्रीम कोर्टानें सहाही जणांना निर्दोष म्हणून सोडलें.

कां सोडलें? त्या रात्रींतून वांचलेल्या बाईनें थोड्याच दिवसांत पोलिसांकडील गुन्हेगारांच्या फोटोंतून चार इसम ओळखले होते. ते चार इसम या सहांपैकीं नव्हते, दुसरेच होते! त्यांचा तपास झाला नाहीं, आणि ही गोष्ट झांकून ठेवली गेली. कोर्टानें प्रत्येकाला पांच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला व चुकार पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सरकारला सांगितलें. पण बांधवहो, सोळा वर्षें उलटलीं होतीं. तीं कोणत्या खजिन्यांतून परत द्यायचीं? आणि ज्या घरचीं पांच माणसें गेलीं, त्या घराला तरी काय मिळालें? चुकीचा माणूस धरला कीं दोन घरें बुडतात. ज्याला धरला त्याचें, आणि ज्याचें लुटलें त्याचेंही. खरा दरोडेखोर मात्र तिसऱ्या घराकडे निघतो.

बोट पालाकडेच कां वळतें, हेंही आज बोललें पाहिजे. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें कायदा करून जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. मूल पाळण्यांत असतांनाच त्याच्या कपाळीं चोर हा शिक्का! तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. कायद्याचें पुस्तक फाटलें, पण आपल्या मनांतलें पान फाटलें नाहीं. गांवांत कोंबडी नाहींशी झाली तरी आपण आधीं पालाकडे पाहतों. पोलीस गाडी घेऊन येतात, आणि दोन जवान पोरें उचलून नेतात. मग ओळख पटायला काय उशीर? मनानें आधींच ओळखलेलें असतें, डोळा मागाहून होकार देतो.

आतां ओळखपरेड म्हणजे काय तें सांगतों, कारण अपिलांतला सारा वाद तेथेंच आहे. संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर माणसांत उभा करायचा आणि साक्षीदाराला निवडायला सांगायचें. मुंबई हायकोर्टाच्या नियमांप्रमाणें एका संशयितासाठीं रांगेंत निदान सहा माणसें हवींत. हें काम पोलिसांनीं नव्हे, मॅजिस्ट्रेटनें करायचें. परेडीपूर्वीं साक्षीदाराच्या दृष्टीस संशयित पडतां कामा नये. म्हणून त्याला तोंड झांकून ठेवतात. आतां ठाण्याच्या ओट्यावर आधींच त्याला दाखविला, किंवा कोणाच्या मोबाइलवर त्याचा फोटो फिरला, तर ती परेड कसली? तो पाठ केलेला धडा म्हणून दाखविणें झालें. आणि गोऱ्या, लठ्ठ, म्हाताऱ्या माणसांत एकच काळासांवळा तरुण उभा केला तर शाळेंतलें पोरही त्याच्याकडेच बोट करील.

परेड लवकर झाली पाहिजे. १९८२ सालीं सोनी नांवाच्या आरोपीच्या दरोड्याच्या अपिलांत सुप्रीम कोर्टानें म्हटलें कीं, बेचाळीस दिवसांनीं घेतलेल्या परेडीबद्दल संशय उत्पन्न होतो. इतक्या दिवसांनीं साक्षीदारांना चेहरा आठवणें कठीण आहे. त्याला सोडून दिलें. बिहारमधल्या दुसऱ्या एका दरोड्यांत परेड साडेतीन महिन्यांनीं झाली होती. चोर उंच कीं ठेंगणा, काळा कीं गोरा, याचें कांहींच वर्णन साक्षीदारांनीं आधीं दिलेलें नव्हतें. अशा वेळीं एकट्या साक्षीदाराच्या ओळखीवर शिक्षा टिकत नाहीं, असें त्याच कोर्टानें ठरविलें. आपल्या या मुलाची परेड अडीच महिन्यांनीं झाली, आणि फिर्यादींत चोरांचें वर्णन एका ओळीचेंही नाहीं. म्हणून मी म्हणतों, अपिलाला जागा आहे.

पण मी तुम्हांला खोटी आशा दाखविणार नाहीं. उशीर झाला म्हणजे आरोपी सुटलाच, असें नाहीं. साक्षीदारानें चांगल्या उजेडांत, पुष्कळ वेळ पाहिलें असेल, किंवा चोरीचा माल आरोपीजवळ सांपडला असेल, तर उशिरा झालेली ओळखही कोर्टानें मानलेली आहे. साक्षीदार आरोपीला आधींपासून ओळखत असेल तर परेडीची गरजच नसते. मात्र मग नांव पहिल्या फिर्यादींत कां नाहीं, हा प्रश्न येतो. परेड ही नुसती तपासाची चाचणी. खरा पुरावा म्हणजे कोर्टांत शपथेवर दिलेली साक्ष. वरचें कोर्ट हें सगळें एकत्र तोलून पाहतें.

आतां कामाचें बोलतों. सेशन कोर्टानें दिलेल्या शिक्षेवर हायकोर्टांत अपील साठ दिवसांत करावें लागतें. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यांत धरीत नाहींत. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल ताबडतोब आणि फुकट मिळते. ती मागून घ्या. मुदत टळली तरी सबळ कारण दाखवून अर्ज करतां येतो, पण तें कारण कोर्टाला पटलें पाहिजे. तेव्हां आज करूं, उद्यां करूं असें करूं नका. तुरुंगांतला माणूस तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवूं शकतो. तो अधिकारी तें कोर्टाकडे धाडण्यास बांधलेला आहे.

वकिलासाठीं जमीन गहाण टाकूं नका, सावकाराच्या दारांत जाऊं नका. १९८७ च्या कायद्यानें कैदेंत असलेल्या माणसाला सरकारी खर्चानें वकील मिळतो. जिल्ह्याच्या कोर्टांत विधि सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, हायकोर्टांतही समिती असते. तेथें साधा अर्ज केला तरी चालतो. मुलाच्या आईला लिहितां येत नाहीं, तो अर्ज मी लिहून देईन. अपील चालू असेपर्यंत शिक्षा तहकूब करून जामीन मागतां येतो, तोही त्याच वकिलाला मागावयास सांगावें.

आणि कागद सांभाळा. अपिलांत सहसा नवे साक्षीदार येत नाहींत. खालच्या कोर्टांत जें लिहिलें गेलें तेंच वरचें कोर्ट वाचतें. पहिली फिर्याद, परेडीचा पंचनामा, साक्षींच्या नकला आणि निकाल, एवढे चार कागद एका पिशवींत बांधून ठेवा. वकिलाला विचारायचे प्रश्न असे: उजेड कशाचा होता? अंतर किती? चोरांचीं तोंडें बांधलेलीं होतीं काय? अटक कोणत्या दिवशीं, परेड कोणत्या दिवशीं, आणि मधल्या दिवसांत मुलाला कोणीं पाहिलें? शेतकऱ्याला बियाणें पारखायला कोणी शिकवीत नाहीं. हा कागदही तसाच मुठींत घेऊन पारखा.

शेवटीं साक्षीदारांना एक विनंती. उद्यां तुमच्यापैकीं कोणावरही साक्षीची पाळी येईल. फौजदार म्हणेल, "नीट बघा, हाच ना?" तेव्हां दिसलें असेल तर न भितां सांगा. पण नीट दिसलें नसेल तर "मला सांगतां येत नाहीं," एवढे शब्द बोलायला लाजूं नका. त्यांत चोराला सोडणें नाहीं. चोराच्या जागीं दुसऱ्याला न बसविणें आहे.

बैठकीआधीं आबा मला म्हणाले, "मास्तर, अंधार होता हें खरें आहे." एवढें वाक्य बोलायला छाती लागते. त्यांचें डोरलें परत आणणें माझ्या हातांत नाहीं, पण तपास पुन्हां व्हावा म्हणून त्यांच्या अर्जावर पहिली सही मी करीन. आणि पालावरच्या त्या माउलीच्या अर्जावर तुम्ही सगळ्यांनीं साक्षीला उभें राहावें. साठांपैकीं एकोणीस दिवस गेले आहेत. उरलेल्या दिवसांत आपण काय करतों, यावर या गांवाची ओळख ठरेल.